दोनशे माना आणि एक भिंत

आमच्या दुकानात दोनशेच्या वर बायका राहतात आणि त्यांतल्या एकीला सोडून कुणालाही डोकं नाही.

घाबरू नका. या बायका एका जाड वहीत चिकटवलेल्या आहेत. हनुवटीखाली सुरू होतात आणि कमरेपाशी संपतात. कुणी खिडकीला टेकली आहे, कुणी दोरीवरचे कपडे काढते आहे, कुणी छत्री काखेत धरून बसची वाट बघते आहे. त्यांची डोकी उडवली ती माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी. तीही अगदी शांतपणे, दुपारचं जेवण झाल्यावर, दुकानातल्या कातरीने.

अण्णा लेडीज टेलर होते. आता त्यांच्या जागी मी बसते. चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. आम्ही बेंगळुरूत कधी आलो हे घरात कुणालाच सांगता येत नाही, इतके जुने आम्ही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णा मराठी झकास बोलायचे, पण शिकले कन्नड शाळेत. देवनागरी अक्षरं त्यांना साडीच्या काठावरच्या नक्षीसारखी वाटायची. दिसायला छान, अर्थ विचारायचा नाही.

तरीही मराठी मासिकं आमच्या घरी गठ्ठ्यांनी यायची. मराठी मंडळाच्या वाचनालयातले जुने अंक वर्षाअखेर रद्दीत निघत, ते अण्णा उचलून आणत. मंडळातले लोक, म्हणजे सरकारी कारखान्यांतले इंजिनीयर, कौतुकाने म्हणायचे, "बघा, दिवसभर मशीन चालवून वाचनाची केवढी आवड!" अण्णा नम्रपणे "हो सार" म्हणायचे, आणि घरी येऊन कथा, कविता, संपादकीय सगळं बाजूला सारून फक्त ब्लाउज कापून घ्यायचे.

त्यातही एकाच चित्रकाराचे. बाकीच्यांच्या चित्रांना त्यांची कातर शिवत नसे. चित्रकाराची सही तळाला कोपऱ्यात असायची. ती अण्णांना वाचता येत नव्हती आणि ती कापण्यात जायची, त्यामुळे त्याचं नाव आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. अण्णा त्याला 'चित्रातले सार' म्हणायचे. सही वाचता येत नसली तरी रेघ त्यांना वाचता यायची. पन्नास पानांच्या अंकातून ते त्याचं चित्र असं काढायचे, जसं आपण गर्दीतून आपलं माणूस ओळखतो.

मी शिंपीण आहे, चित्रकलेतलं मला शिंपिणीइतकंच कळतं. पण तेवढं पुरेसं आहे. त्याच्या आधीच्या मासिकांतल्या बायका म्हणजे देवळातल्या मूर्तींच्या चुलत बहिणी. हातात कमळ, शेजारी हरीण, डोळे अर्धे मिटलेले. अंगातला ब्लाउज शिवलेला आहे की नुसताच रंगवलेला, कळायचं नाही. याच्या बाईचा ब्लाउज मात्र कुणीतरी खरोखर शिवलेला असायचा. हात वर केला की कापड काखेत कसं ओढलं जातं, कमरेवर हात ठेवला की कोपराशी किती चुण्या पडतात, दहा वेळा धुतलेली बाही दंडावर कशी सैल होते, हे बायकांना माहीत असतं, शिंप्यांना माहीत असतं. चित्रकारांमध्ये ते यालाच माहीत होतं. आणि हे सगळं तीन-चार रेघांत. वॉयल कुठलं आणि रेशीम कुठलं, तेही रेघेच्या जाडीवरून कळायचं. पुढे सगळ्यांनीच अशा बायका काढायला सुरुवात केली, इतक्या, की आज याचं चित्र पाहिलं तर वाटतं, यात काय विशेष? अशीच तर असतात चित्रं!

त्याचं एक चित्र आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या तसबिरीइतकं मानाचं आहे. एक बाई हात उंचावून माळ्यावरची ट्रंक काढते आहे. गळ्यापासून कोपरापर्यंत एकच सलग रेघ. खांद्यावर शिवणच नाही. बाही कुठे सुरू झाली ते दिसतच नाही. अण्णांनी ते पाहिलं आणि तीन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, असं आई सांगायची. "मुंढाच नाही! बाही आणि अंग एकच! हे सारनी केलं कसं?" वॉयलचे सात तुकडे त्यांनी बेतले आणि सातही वाया घालवले. मग आठवं कापड उरेब, म्हणजे तिरकं कापलं, काखेत कापडाची एक छोटी चौकोनी कळी बसवली, आणि चित्र उभं राहिलं.

पुढची कितीतरी वर्षं मल्लेश्वरम ते जयनगर इथल्या बायका "अण्णा, ते खांद्याला शिवण नसलेलं" एवढंच सांगायच्या. कुणी वाखाणणी केली की अण्णा म्हणायचे, "मी काय केलं? चित्रातल्या सारनी केलं. मी स्वल्प दोरा लावला."

गेल्या वर्षी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई के. आर. पुरमहून मेट्रो बदलत बदलत दुकानात आल्या. गोऱ्या, किडकिडीत, कापडाची पिशवी छातीशी धरलेल्या. मराठी अस्सल मुंबईकडचं.

"माझ्या आईकडे होता तसा ब्लाउज हवाय. खांद्याला शिवण नसलेला. अजून शिवता?"

"शिवता म्हणजे? अक्का, तो ब्लाउज याच दुकानात जन्मला!" मंडळाच्या नाटकांत मी वीस वर्षं खाष्ट सासवा केल्यात, त्यामुळे माझं साधं बोलणंही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. मी वही काढली आणि पडदा उघडावा तशी त्यांच्यासमोर उघडली.

अक्कांनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग तोंडावर हात ठेवला. बिनडोक्याच्या बायका बघून काही गिऱ्हाइकं दचकतात, म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ही बाबांची आहे," त्या म्हणाल्या. "ही पण. अगं, ही पण! ही सगळीच माझ्या बाबांची आहेत!"

मग त्यांनी वर पाहिलं. "पण डोकी कुठायत?"

मी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य विसरलेल्या नटीसारखी उभी राहिले. शेवटी खरं ते सांगितलं. आता या रडणार किंवा मला मारणार असं वाटत होतं. त्या हसत सुटल्या. हसता हसता डोळे पुसले आणि तशाच बाकावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्यांचे वडील मुंबईत दहा-बारा वर्षं मासिकांसाठी कथाचित्रं काढत होते. मग मासिकांच्या पैशांत भागेना आणि ते बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. निवृत्त होईपर्यंत यंत्रांचे सुटे भाग काढले. मूळ चित्रं छापखान्यांतून कधी परत आलीच नाहीत. घरातले अंक क्वार्टर्समध्ये वाळवीने खाल्ले. कारखान्यात त्यांनी या चित्रांबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. आता मंडळ जुन्या मराठी मासिकांचं प्रदर्शन भरवत होतं. अक्कांनी वडिलांसाठी एक भिंत मागितली होती. सेक्रेटरींनी नाव ऐकलं नव्हतं. इंटरनेटवरही काही सापडलं नाही. आणि अक्कांकडे दाखवायला एक कागदसुद्धा नव्हता.

"मला भाऊ नाही, बहीण नाही," त्या म्हणाल्या. "बाबा चित्रकार होते हे माहीत असलेली मी एकटी उरलेय. ही भिंत मिळाली नाही तर माझ्यानंतर ते ड्राफ्ट्समनच."

"भिंत ना? चला," मी म्हटलं. वही पिशवीत घातली, शटर खाली ओढलं आणि दुपारच्या गिऱ्हाइकांना फोनवरून सांगितलं की आज मला थंडी वाजून ताप आलाय.

मंडळाचा सेक्रेटरी पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, माझ्या मुलाच्या वयाचा. गुणी पोरगा. चहा मागवला, वही दोन्ही हातांनी घेतली, उघडली आणि हळूच म्हणाला, "काकू, हे... बॉडी पार्ट्स आहेत."

"ब्लाउज आहेत ते!"

"बरोबर, ब्लाउज. पण हे यांच्या वडिलांचेच कशावरून? सही नाही, नाव नाही, मासिकाचं पूर्ण पान नाही. कमिटी मलाच धरेल. काहीतरी प्रूफ लागेल ना."

"प्रूफ? माझ्या अण्णांनी एकच चित्रकार निवडून कापलाय, हे प्रूफ नाही?"

"पण अण्णांना मराठी वाचता येत नव्हतं, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत."

सांगितलं होतं खरं. जिन्यावरच, रंगवून, हातवारे करून. माझी जीभ माझ्याच पायात आली.

पोरगा पानं उलटत राहिला आणि एकदम ओरडला, "ही बघा, ही पूर्ण आहे!" त्या एका बाईचा ब्लाउज उंच कॉलरचा होता, पार कानांपर्यंत. तिचं डोकं छाटायचं तर कॉलर गेली असती, म्हणून ती वाचली. आम्ही तिघं वहीवर वाकलो. पायांबरोबर सही इथेही गेलेली.

"आई का तुमची?" मी हळव्या आवाजात विचारलं.

अक्कांनी चष्मा वर केला. "छे! ही आमच्या समोरच्या बिऱ्हाडातली. हे चित्र छापून आलं तेव्हा आई बाबांशी दोन दिवस बोलत नव्हती."

पोरगा हसला, पण भिंत काही द्यायला तयार होईना. शेवटी त्याने वहीतल्या पाच चित्रांचे फोटो काढले. "माझी आजी पुण्यात असते. त्या काळातले सगळे अंक वाचलेत तिने. तिला काही न सांगता पाठवतो, नुसतं विचारतो, ओळखतेस का म्हणून. तिने ओळखलं तर भिंत तुमची. नाहीतर विषय संपला. चालेल?"

मी नको म्हणणार होते. डोकं नसलेली बाई नव्वदीतली म्हातारी कशी ओळखणार? पण अक्का म्हणाल्या, "चालेल." पिशवीचे बंद त्यांनी बोटाला गुंडाळले होते, पार बोट पांढरं होईपर्यंत.

चहा आला. आजींनी फोटो पाहिल्याची निळी खूण आली. मग काहीच नाही. मी पंख्याची पाती मोजली, तीनच निघाली. पोरगा म्हणाला, तिला चष्मा सापडत नसेल. आणि मग आजींचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, सवातीन मिनिटांचा.

"अरे गाढवा, यांची डोकी का कापलीस?" तिथूनच सुरुवात. "ओळखतेस का म्हणे! अशी मान दुसरं कोण काढणार होतं?" आणि आजींनी अक्कांच्या वडिलांचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

"अंक आला की आम्ही मैत्रिणी आधी याची चित्रं बघायचो, गोष्ट मागाहून. याची बाई पदर कसा खोचते ते बघून आम्ही तसा खोचायचो. माझी सासू म्हणायची, नोकरी करणाऱ्या बायकांसारखा काय खोचतेस! म्हटलं, अहो, चित्रात बघा किती छान दिसतो. मग पुढे नोकरीच धरली. आणि ती ट्रंक काढणारी! तिचा ब्लाउज शिवून मागितला मी. आमचा शिंपी म्हणाला, बाई, हे कागदावर होतं, अंगावर होत नाही."

"झालं होतं!" मी खुर्चीवरून उठून फोनवर ओरडले. "बेंगळुरूत झालं होतं, आजी! माझ्या अण्णांनी केलं होतं!"

"काकू, ते रेकॉर्डिंग आहे," पोरगा म्हणाला.

"मग उलट पाठव माझं!"

अक्का म्हणाल्या, "जरा पुन्हा लावतोस? ते नाव घेतात तेवढंच." त्याने लावलं. मग त्यांनी न मागताच आणखी एकदा लावलं. नंतर तो उठला, हॉलमध्ये गेला आणि दाराच्या समोरची, सगळ्यांत आधी दिसणारी भिंत दाखवून म्हणाला, "ही."

पोरगा उत्साही. दोन दिवसांनी फोन आला, "काकू, एआय वापरून डोकी बसवून टाकू का? एकदम नॅचरल दिसतील." मी फोन अक्कांकडे दिला, कारण त्या मापं द्यायला दुकानात आल्या होत्या. एरवी मृदू बोलणाऱ्या अक्का म्हणाल्या, "माझ्या बाबांच्या बाईला भलत्याचं डोकं लावलंस तर तुझं काढून ठेवीन." सरी, म्हणजे ठीक, ठरलं. बायका आहेत तशाच टांगायच्या.

पुढच्या आठवड्यात, ब्लाउजच्या ट्रायलला, मी त्यांच्या काखेत कळी टाचत असताना त्या म्हणाल्या, "तुला एक सांगू? रागावू नकोस."

माझ्या ओठांत टाचण्या होत्या. रागवायची सोयच नव्हती.

"आई हा ब्लाउज शिवून घरी आली, तेव्हा बाबांनी तिला तीनदा गोल फिरवलं. म्हणाले, खांद्याची शिवण कुठे गेली? आई म्हणाली, तुमच्या चित्रात कुठे आहे? बाबांनी कपाळावर हात मारला. दिवाळी अंकाची घाई होती, छापखान्याचा माणूस दारात उभा होता, शिवणीची रेघ काढायची राहून गेली होती."

मी टाचण्या काढल्या. "म्हणजे... चुकलं होतं?"

"चुकलं होतं."

सात तुकडे वॉयल! तीन दिवस न जेवलेले अण्णा! मी पाटावर बसले. आधी राग आला. मग डोळ्यांसमोर अण्णा आले, एक विसरलेली रेघ खरी मानून तिच्यामागे लागलेले. चित्रकार विसरला आणि शिंप्याने ते खरं करून दाखवलं. आणखी थोडा वेळ गेला आणि माझी मान इतकी ताठ झाली की कॉलरच्या ब्लाउजातली ती समोरच्या बिऱ्हाडातली बाईसुद्धा माझ्यापुढे वाकडी दिसली असती.

"बाबा एकदा इथे आले होते," अक्का पुढे म्हणाल्या. "आईला न्यायचं निमित्त करून. मी विसरूनच गेले होते, त्या दिवशी तू डोक्यांचं सांगितलंस तेव्हा आठवलं. ही वही त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. विचारलं, यांची डोकी कुठे गेली? तुझे अण्णा म्हणाले, डोक्याला माप लागत नाही सार. बाबा घरी येईपर्यंत हसत होते."

"मग सांगितलं का नाही, मीच तो म्हणून? अण्णांनी पाय धरले असते त्यांचे!"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, तो माणूस मला माझीच चित्रं समजावून सांगत होता. कुठली रेघ कशासाठी आहे, कुठे कापड ओढलंय, कुठे सैल सोडलंय. सगळं बरोबर सांगत होता. आजवर मला कुणीच असं सांगितलं नव्हतं. मध्ये बोलून कशाला बिघडवायचं?"

मी उरलेली कळी टाचली. टाके थोडे वाकडे गेले, नंतर उसवून पुन्हा घातले.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही चाळीस बायका भिंतीवर लावल्या. मधोमध ट्रंकवाली. नावाची पाटी अक्कांनी स्वतः लिहिली. वडिलांचं नाव, खाली 'चित्रकार', आणि मला न विचारता त्याखाली आणखी एक ओळ: 'जतन आणि कातरकाम', पुढे अण्णांचं नाव. देवनागरीत. अण्णांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, नक्षी चांगली आहे.

लोक आधी दचकायचे, मग हसायचे, मग जवळ जायचे, आणि जवळ गेले की हलायचे नाहीत. एक बाई ट्रंकेच्या तळाशी सापडलेला आपल्या सासूचा ब्लाउज घेऊन आली आणि चित्राशेजारी धरून उभी राहिली. खांदा तंतोतंत. मी सगळ्यांना सांगत सुटले होते. इथे अण्णा, तिथे आजी, मध्ये सात तुकडे. प्रत्येक वेळी तुकडे एकाने वाढत होते.

दुपारी काठी टेकत एक गृहस्थ आले. निवृत्त इंजिनीयर, मंडळाचे जुने सभासद. भिंत न्याहाळत पाटीपाशी पोचले, पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि काठी पाटीकडे रोखत जोरात म्हणाले, "हे? अहो, हे आमच्या ड्रॉइंग ऑफिसात होते! माझ्या शेजारच्या टेबलावर! अठरा वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्ला. हा माणूस हे काढायचा?"

मी तोंड उघडलं. संपूर्ण प्रवेश तयार होता, आवाजसुद्धा लावला होता. पण माझ्या दंडावर एक हात आला आणि मला सौम्यपणे बाजूला सारून अक्का पुढे झाल्या. खांद्याला शिवण नसलेला नवा ब्लाउज, पदर खोचलेला. त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "हो, तेच. मी त्यांची मुलगी. बसा, सांगते."

ते बसले. त्यांच्या मागे आणखी चार माणसं थांबली, मग दहा. अक्का ट्रंकवालीपासून सुरू झाल्या. मी दोघांसाठी चहा सांगायला गेले, कारण हे बराच वेळ चालणार होतं.